रामटेकच्या वाटेवरील सुभिक्षा

नागपूरचा उन्हाळा ज्यानें एकदां भोगला आहे त्याला तो निराळा वर्णून सांगावा लागत नाहीं. होळी पेटली कीं खिडक्यांना कूलर चढतात, चैत्र सरतांच दुपारचे रस्ते ओस पडतात, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी येथील मनुष्य त्याचें फारसें नवल करीत नाहीं. वास्तविक वर्षाकांठीं येथें सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हा कांहीं अवर्षणाचा मुलूख नव्हे. परंतु तो बहुतेक सर्व मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत कोसळून जातो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत प्रत्येक जिवाला गांठीं बांधलेल्या शिदोरीवर निर्वाह करावा लागतो. मनुष्यानें या आठ महिन्यांची तरतूद धरणें बांधून व नळ घालून केली. झाडांनीं व पाखरांनीं ती कशी केली आहे, हें पाहावयाचें असल्यास नागपुराहून ईशान्येस जाणारी रामटेकची वाट धरावी.

ही वाट नागपूरकरांस रामदर्शनाच्या निमित्तानें लहानपणापासून परिचित असते. ती आणखी एका कारणानें आपली आहे, पण तें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आपल्या घरचें पाणी याच बाजूनें येतें. कामठी मागें टाकून कन्हान नदीचा पूल ओलांडला म्हणजे आपण आपल्याच नळाच्या उगमाकडे चाललों आहों असें समजावें. नागपूरच्या नळांना येणारें बहुतेक पाणी पेंच नदीवरील तोतलाडोह व नवेगाव खैरी या धरणांचें, आणि कांहीं कन्हानचें. पेंच ही कन्हानचीच उपनदी. ती सातपुड्याच्या डोंगरांतून, साग-ऐनाच्या रानांतून उतरते. यांतील महाराष्ट्राच्या हद्दींतील रान १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आलें.

रामटेकची टेकडी दुरून दिसूं लागली कीं संस्कृत शिकलेल्या मनुष्याच्या मनांत मेघदूत जागें होतें. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे दिवस कंठीत राहिला तो रामगिरि म्हणजे हेंच रामटेक, असा पक्ष महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनीं वाकाटकांच्या ताम्रपटांचा आधार घेऊन मांडला. छत्तीसगडांतील रामगडचा पक्ष घेणारे पंडितहि आहेत. तो वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. वनस्पतींच्या दृष्टीनें कवीनें एक गोष्ट मात्र अचूक टिपली आहे. यक्षानें मेघाला अर्घ्य दिलें तें कमळांचें नव्हे कीं मालतीचें नव्हे. तें कुटजाच्या ताज्या फुलांचें दिलें. कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा. याचेंच बीं इंद्रजव या नांवानें आजीबाईच्या बटव्यांत असतें. दगडांच्या फटींत उगवणारें व कोणी पाणी न घालतां वाढणारें हें झाड आषाढाच्या तोंडाशीं फुललेलें असतें. घरदार दूर राहिलेल्या त्या यक्षाला डोंगरानें जें दिलें तेंच त्यानें पाहुण्यापुढें ठेविलें.

परंतु मेघ यावयास अवकाश असतो तेव्हां काय? फाल्गुन-चैत्रांत, नाले आटलेले, गवत करपलेलें आणि पानें झडलेलीं असतां या डोंगरांवर पाहुणचार कोण करतें? या प्रश्नाचें उत्तर रामटेकहून थोडें पुढें गेल्यावर मिळतें.

रामटेकहून परत मनसरला यावें, आणि मँगॅनीजच्या खाणीचा मुलूख मागें टाकून जबलपूरच्या हमरस्त्यानें उत्तरेस निघावें. चोरबाहुली आली कीं दोन्ही अंगांना रान सुरू होतें. त्या दिवसांत पळस व काटेसावर यांनीं सारें रान लाल केलेलें असतें, म्हणून प्रवाशाची नजर वरतीच राहते. ती जरा खालीं आणावी. जेथें माती वाहून जाऊन नुसता मुरूम व खडक उरला आहे अशा उतारांवर, पुरुषभर किंवा थोडें अधिक उंचीचें एक झुडूप दिसतें. त्याच्या लांबसडक फांद्या कमानीसारख्या वांकलेल्या असतात, आणि त्यांच्या पेरापेराशीं लाल-नारिंगी फुलांचे घोस चिकटलेले असतात. हीच धायटी. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला वुडफोर्डिया फ्रूटिकोसा म्हणतात आणि मेंदी, डाळिंब व तामण यांच्याच कुलांत तिची गणना करतात. म्हणजे आपल्या परसांतील दोन परिचित झाडांची आणि महाराष्ट्राचें राज्यपुष्प धारण करणाऱ्या तामणाची ही रानांत राहिलेली बहीण होय.

फूल हातांत घेऊन पाहिलें तर तें अर्ध्या इंचाचें एक नळकांडें आहे असें दिसतें. जें लाल दिसतें त्या पाकळ्या नव्हेत, तो फुलाचा बाहेरचा पेला होय. सहा पाकळ्या असतात खऱ्या, पण त्या इतक्या चिमुकल्या कीं शोधून काढाव्या लागतात. पेल्याच्या तोंडांतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशीं मध साठलेला असतो. पाकळ्या गळून गेल्या तरी पेला गळत नाहीं. तो आंतील बोंडाला कवटाळून राहतो. त्यामुळें बहर ओसरल्यावरहि झुडपाची लाली कित्येक दिवस टिकते.

आपल्या वैद्यांस ही वनस्पति फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. संस्कृतांत तिला धातकी म्हणतात. भावप्रकाशाच्या निघंटूंत तिचे जे पर्याय दिले आहेत त्यांपैकीं ताम्रपुष्पी, बहुपुष्पी आणि वह्निज्वाला या नांवांचा अर्थ झुडूप पाहतांच उलगडतो. परंतु त्याच यादींत ‘सुभिक्षा’ असेंहि एक नांव आहे. दुर्भिक्ष म्हणजे दुष्काळ, जेव्हां मागूनहि भिक्षा मिळत नाहीं असा काळ. सुभिक्ष म्हणजे त्याच्या उलट, जेव्हां दारीं आलेला कोणी विन्मुख जात नाहीं असा काळ. खडकावर वाढणाऱ्या, पानें झडलेल्या, कोणाचें पोट भरेल असें एकहि फळ न देणाऱ्या झुडपाला हें नांव मोठें विचित्र वाटतें. मला त्याचा अर्थ पुस्तकांत सांपडला नाहीं; देवलापारच्या अलीकडे एका उतारावर सकाळचा तासभर उभें राहिल्यावर तो कळला.

त्या तासांत एका झुडपावर शिंजिराच्या दोन जोड्या, चष्मेवाल्या पक्ष्यांचा एक थवा, बुलबुल, आणि सातेरीच्या व फुलोरीच्या मधमाशा यांची सारखी ये-जा चालली होती. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. त्यांतला जांभळा नर विणीच्या दिवसांत मोरचुदासारखा चकाकतो. इतर वेळीं त्याचा पोशाख मादीप्रमाणेंच साधा असून गळ्यावर तेवढी एक काळी रेघ असते. त्याची बांकदार चोंच आणि धायटीचें नळकांडें हीं एकमेकांच्या मापानें घडविल्यासारखीं आहेत. तो फांदीवर बसून फुलांत चोंच घालतो, पुंकेसरांतील पराग त्याच्या कपाळाला लागतो, आणि पुढच्या झुडपावर तो आपसूक पोंचता होतो. या पक्ष्याची वीणहि याच सुमारास, माघापासून वैशाखापर्यंत चालते. पिलांना तो किडे व कोळी भरवितो, आणि स्वतः मात्र बराचसा मधावर राहतो. म्हणजे घरांत खाणारीं तोंडें वाढलेलीं आणि बाहेर पाण्याचा टिपूस नाहीं, अशा ऐन अडचणीच्या वेळीं हें झुडूप आपला पेला भरून उभें असतें. सुभिक्षा ती हीच.

धायटीचा मनुष्यालाहि उपयोग आहे, आणि तो आपल्या घरांतील स्त्रियांना नांव न कळतां ठाऊक आहे. बाळंतिणीला द्यावयाचें दशमूलारिष्ट, पोटाच्या विकारावरचें कुटजारिष्ट, अशीं आसवें-अरिष्टें आंबविण्यासाठीं धायटीचीं वाळलेलीं फुलें घालावीं लागतात. फुलांच्या अंगावर मूळचेंच किण्व असतें. गुळाच्या पाण्यांत तें वाढतें आणि अरिष्ट सिद्ध होतें. कुटजारिष्टांत यक्षाचा कुडा व ही धायटी, असे एकाच डोंगरावरचे दोन शेजारी एका बाटलींत येतात. औषधांसाठीं हीं फुलें रानांतूनच खुडून आणिलीं जातात. फुलें वेंचणाऱ्याला त्यांत दोन पैसे मिळतात, आणि ते मिळावेतहि. परंतु जेथें झुडूपच्या झुडूप ओरबाडलें जातें तेथें पाखरांच्या वांट्याला रिकाम्या फांद्या येतात. हें झुडूप रानाबाहेर, आपल्या आवारांत वाढविण्याचें हें एक कारण झालें.

दुसरें कारण पाण्याचें. २०१९ सालीं पावसानें ओढ दिली, तोतलाडोहच्या धरणांतील वापरण्याजोगा सांठा संपला, आणि जुलै महिन्यांत नागपूर शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पेंचचें पाणी कधीं संपेल हें ज्यांच्या स्वप्नांतहि नव्हतें त्यांना बादल्या मोजाव्या लागल्या. आमच्या एकत्र कुटुंबांत तेव्हां चौदा माणसें होतीं. दाराशीं पुतण्यानें हौसेनें राखलेली हिरवळ होती. तिला सकाळ-संध्याकाळ पाणी लागे. सूनबाईनें पाण्याचा हिशेब मांडला तेव्हां स्वयंपाक, आंघोळी व कूलर यांच्या खालोखाल हिरवळीचा आंकडा आला. अर्थात् पाणी तुळशीला राहिलें, मोगऱ्याला अर्धें झालें, आणि हिरवळ पंधरा दिवसांत वाळून गेली.

पाऊस परतल्यावर त्या मोकळ्या जागेंत काय लावावें हा विचार निघाला. मीं रामटेकच्या वाटेवरचें हें झुडूप घरांत वर्णून सांगितलेलें होतें. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पाणी आपण त्या डोंगराचें पितों, मग झाड तिकडचेंच कां असूं नये? तें तरी आपल्याजवळ पाणी मागणार नाहीं.” या बोलण्यावर कोणाचेंच कांहीं उत्तर नव्हतें. पुढल्या वर्षींच्या पावसांत पश्चिमेच्या भिंतीशीं पांच धायट्या लावल्या.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं लागवडीची रीत थोडक्यांत देतों. रानांतून रोप उपटून आणूं नये. तें कायद्यालाहि धरून नाहीं, आणि मोठें रोप सहसा जगतहि नाहीं. रोपवाटिकेंत देशी झाडांचीं रोपें मिळतात तेथें विचारावें, किंवा चैत्र-वैशाखांत पिकलेलीं बोंडें ओळखीच्या झुडपावरून मिळवावीं. बीं मोहरीपेक्षांहि पुष्कळ बारीक असतें. तें पसरट कुंडींत, चाळलेली माती व वाळू यांच्या मिश्रणावर नुसतें भुरभुरावें. वर मातीचा थर देऊं नये. पाणी वरून ओतल्यास बीं वाहून जातें, म्हणून कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून खालून ओल चढूं द्यावी. रोपें वीतभर झालीं म्हणजे पुढच्या मृगांत जमिनींत लावावीं.

जागा भरपूर उन्हाची असावी. नागपुरांत पुष्कळ ठिकाणीं काळी माती आहे. ती पावसांत पाणी धरून ठेवते आणि धायटीला पाय ओले राहिलेले खपत नाहींत. म्हणून दीड फुटांचा खड्डा करून निम्मी माती काढून टाकावी आणि तिच्या जागीं मुरूम व खडी मिसळावी. दोन झुडपांत पांच-सहा फूट अंतर ठेवावें. शेणखत एक ओंजळ पुरे. अधिक खत घातल्यास पाला माजतो आणि फूल कमी येतें. पहिल्या उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां आणि दुसऱ्या उन्हाळ्यांत पंधरवड्यांतून एकदां बादलीभर पाणी द्यावें. तिसऱ्या वर्षापासून पाण्याचें नांव काढूं नये. तोंपर्यंत मुळें खोल गेलेलीं असतात. छाटणी करावयाचीच तर बहर संपतांच, पावसापूर्वीं करावी. थंडींत छाटल्यास ज्या फांद्या फुलावयाच्या त्याच कापल्या जातात. कीटकनाशक औषध मुळींच फवारूं नये, कारण शिंजीर पिलांना किडेच भरवितो.

येथें कोणी विचारील कीं, घाणेरीवरहि फुलपाखरें येतात, तिलाहि पाणी लागत नाहीं, मग तीच कां नको? घाणेरी मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेची शोभा म्हणून ती या देशांत आली आणि बागेंतून रानांत शिरली. तिचा पाला गुरांना विषारी आहे, आणि ती जेथें दाट माजते तेथें खालचें गवत मरतें. आपल्या कुंपणांतील घाणेरीचीं फळें पाखरें खातात व बीं रानांत टाकतात. म्हणजे एक घर शोभेसाठीं जें लावतें त्याचा दंड दूरच्या हरणा-सांबरांना भरावा लागतो. धायटीचें बीं उडून रानांत गेलेंच तर तें आपल्या माहेरीं गेलें असें होईल. पळस व सावर हींहि याच भूमीचीं आणि पाखरांना तितकींच प्रिय. परंतु तीं मोठीं झाडें घराच्या आवारांत मावत नाहींत. धायटीला भिंतीकांठची चार फूट पट्टी पुरते.

आमच्या धायट्यांपैकीं तीन तिसऱ्या वर्षीं फुलल्या, उरलेल्या दोन चौथ्या. फुलें आलीं त्याच आठवड्यांत जांभळ्या शिंजिराची जोडी आली. मादीनें ओसरीवरील दिव्याच्या लोंबत्या तारेला कोळिष्टकें, सालीचे तुकडे व वाळका कचरा यांचें थैलीसारखें घरटें विणलें. तो दिवा मग दीड महिना कोणी लावला नाहीं. घरांतील लहान मुलांनीं दारावर ‘येथें बाळंतीण आहे’ अशी पाटी लाविली होती.

गेल्या वर्षीं मात्र या पांच झुडपांवर मोठा प्रसंग आला. आमचें घर जुनें. पावसाळ्यांत चार खोल्या गळतात, आणि वहिनींना गुडघ्यांमुळें जिना चढवत नाहीं. पुतण्यांनीं सर्वांशीं विचार करून ठरविलें कीं घर पाडून त्या जागीं सदनिकांची इमारत बांधावी. त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. मुलांना स्वतंत्र खोल्या हव्यात, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी, आणि दुरुस्तीचा खर्च दरसाल वाढतो आहे. परंतु नकाशा आला तेव्हां त्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू होते, आणि धायटीच्या जागीं मोटारी उभ्या करण्याच्या खुणा होत्या. नागपुरांतील जुन्या वस्त्यांतून फिरतांना असे नकाशे प्रत्यक्षांत उतरलेले आपण रोज पाहतों. घर गेलें तर घर पुन्हा उभें राहतें. पण गट्टूंखालीं गेलेली माती सहसा कोणी पुन्हा उघडीत नाहीं, आणि तींत मुरावयाचें पाणी गटारांतून वाहून जातें.

मीं पश्चिमेची चार फुटांची पट्टी मातीचीच राहावी असें सुचविलें. पुतण्यानें माप घेऊन आदरपूर्वक सांगितलें, “काका, यांत एका मोटारीची जागा जाते, आणि ती कोणाच्या तरी वांट्याची असणार.” बैठक बराच वेळ तेथेंच अडली. शेवटीं वहिनी म्हणाल्या, “माझ्याजवळ मोटार नाहीं आणि आतां होणारहि नाहीं. माझ्या वांट्याची जागा त्या झुडपांना द्या. तें कागदावर मात्र लिहून घ्या, नाहींतर माझ्यामागें कोणीतरी गट्टू घालील.” त्याप्रमाणें नकाशा बदलला आणि करारांत तसें कलम आलें. काम सुरू होईल तेव्हां झुडपांभोंवतीं पत्र्यांचा आडोसा करावयाचा, आणि वीण उलटून गेल्याशिवाय ओसरीला हात लावावयाचा नाहीं, एवढ्या दोन गोष्टी मुलांनीं आपण होऊन कबूल केल्या.

आपल्या धर्मशास्त्रांत गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत; त्यांतील भूतयज्ञ म्हणजे पशुपक्ष्यादि प्राण्यांना दिलेला अन्नाचा वांटा. पूर्वीं जेवणापूर्वीं काकबळी बाहेर ठेवीत. सदनिकेच्या सज्जांत तो ठेवणें आतां पुष्कळांना जमत नाहीं. परंतु भिंतीकांठीं चार फूट माती ठेवून तींत या भूमीचें एक झुडूप लावणें हें कोणालाहि जमण्यासारखें आहे. ज्यांचें स्वतःचें आवार नाहीं त्यांनीं इमारतीच्या मंडळींना सांगून फाटकाजवळचा एक कोपरा मागून घ्यावा. धायटीचीं बोंडें चैत्र-वैशाखांत पिकतात. तीं यंदा मिळवून ठेवावींत, कुंडींत बीं टाकावें, आणि पुढील मृगाचा पाऊस पडला कीं रोप जमिनींत लावावें. दोन उन्हाळे तेवढे बादलीभर पाण्याचे. त्यापुढें तिच्याकडून घ्यावयाचें तें पाखरें घेतील.